मधलीची हाक

कोट शिवण्याच्या त्या कारखान्यात तिच्या नावाच्या तिघी होत्या. दाराजवळच्या मशीनवर बसणारी पुढची, खिडकीपाशी बसणारी मागची आणि ही मधली. घरात थोरली असून इथे अकरा वर्षं मधली, याचा तिला भारी राग. आईबापाला दुसरं नाव सुचू नये? गल्लीत डोळे मिटून दगड मारला तरी याच नावाच्या बाईला लागेल, असं ती चिडून म्हणायची.

आपलं काम झालं की कोटाच्या खिशात आपल्या नावाची चिठ्ठी ठेवायची, अशी तिथली पद्धत. बाही वाकडी बसली की मालक केबिनच्या दारातून चिठ्ठीवरचं नाव पुकारत. तिघी उठायच्या, आणि चूक बहुतेक वेळा पुढचीची निघायची. तिचं कामच धसमुसळं. त्या दिवशी दुपारपर्यंत मधली चारदा उठली, चारही वेळा उगाच.

"आता मेले तरी उठायची नाही," ती मागचीला म्हणाली.

नेमकी त्याच आठवड्यात नमुन्याच्या टेबलासाठी निवड व्हायची होती. तिथे अख्खा कोट एकटीने शिवायचा, दिवसभर बाह्याच जोडत बसायचं नाही. मधलीने जीव ओतून एक कोट शिवून दिला होता. पुढचीनेही दिला होता.

चार वाजता मालकांनी नाव पुकारलं. मागची पाणी प्यायला गेली होती. मधलीने मान वर केली नाही. पुढची उठून आत गेली आणि नमुन्याच्या टेबलाची मोठी कात्री घेऊन बाहेर आली.

मधली धावतच केबिनमध्ये शिरली. टेबलावर तिचाच कोट होता.

"साहेब, हा मी शिवलाय!"

"मग हाक मारली तेव्हा उठायला काय झालं होतं? चिठ्ठीवरचं नाव तिचंही आहे."

"टाके बघा ना!"

"आता कात्री दिली. बघू पुढच्या वर्षी."

संध्याकाळी ती घरात येऊन नुसती बसून राहिली. आपल्यालाच दोन थोबाडीत माराव्यात असं तिला वाटत होतं. स्वयंपाकघरातून आईने हाक मारली, शेवटचं अक्षर लांबवत, नेहमीसारखी. लहानपणी ही हाक ऐकली की हे नाव जगात आपलं एकटीचंच आहे असं तिला वाटायचं. आईने दुसऱ्यांदा हाक मारली. मग तिसऱ्यांदा.

"कोणती?" ती खेकसली.

पिठाचे हात तसेच घेऊन आई दारात आली. "कोणती म्हणजे? माझी!"

तिला रडू फुटलं.

"ओ," ती म्हणाली, आजच्या दिवसात पहिल्यांदाच.