सिमवाला डबा

भोंगेवाल्यांचं अर्धं आयुष्य चोरांपासून घरं राखण्यात गेलं होतं आणि उरलेलं अर्धं घरमालकांपासून अलार्म राखण्यात. सव्वीस वर्षं दारांना सेन्सर लावून, भिंतींवर पॅनेल ठोकून आणि उंचावर भोंगे बसवून त्यांचं खरं नाव आसपासच्या चार गल्ल्यांत कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. त्याचं त्यांना काही वाटत नसे. राग येई तो गिऱ्हाइकांच्या हुशारीचा.

सध्या डोक्याला ताप होता तो सिमवाल्या डब्याचा. अलार्म झाला की पॅनेल टेलिफोनच्या तारेवरून कंट्रोल रूमला कळवतं. तार तुटली किंवा कुणी कापली तर पंचाईत, म्हणून शेजारी एक छोटा डबा बसवायचा. त्यात मोबाइलसारखं सिम असतं, आणि तार गप्प झाली की तो डबा निरोप पोचवतो. यात न समजण्यासारखं काय आहे, हे भोंगेवाल्यांना आजवर कळलेलं नव्हतं. एका दुकानदाराने त्यातलं सिम काढून मेव्हण्याच्या फोनमध्ये घातलं, "नुसतंच पडून होतं" म्हणून. एका दंतवैद्यांनी दर आठवड्याला येणारा 'सर्व ठीक' असा मेसेज जाहिरात समजून ब्लॉक केला. भोंगेवाले अशा वेळी कपाळाला हात लावत, पाणी मागत आणि पुन्हा पहिल्यापासून समजावायला बसत.

पण हे सगळे परके. खरे नाकी नऊ आणले होते थोरल्या भावाच्या घरच्या डब्याने.

दादा कारखान्यात चौतीस वर्षं स्टोअरकीपर होते. त्यांच्या सहीशिवाय तिथून एक नटही हलला नव्हता. निवृत्त झाल्यावर त्यांनी कारखान्याचं कुलूप घरी आणलं, म्हणजे साखर कुलपात, बॅटरीचे सेल कुलपात, नवी केरसुणीसुद्धा कुलपात. हॉलमधल्या लोखंडी कपाटाची किल्ली त्यांच्या कंबरेला असे. भोंगेवाल्यांनी तरुणपणी त्याच कारखान्यातली दादांनी लावून दिलेली नोकरी सोडून हा धंदा धरला, तेव्हा दादा म्हणाले होते, "चोरांच्या भरवशावर पोट भरणार म्हण की." ते वाक्य दोघांच्या मध्ये अजून बसून होतं. दादांच्या घरी फोन न करता गेलेलं त्यांना चालत नसे. सख्ख्या भावालाही सवलत नव्हती.

गेल्या वर्षी वहिनींना अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. आता त्या काठीच्या आधाराने चार पावलं टाकत. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा भोंगेवाले नऊ वर्षांचे होते. त्यांना आईची आठवण येई ती बरीचशी वहिनींच्याच चेहऱ्याने. त्यामुळे दादांना न विचारता त्यांनी त्या घरी पॅनेल बसवलं आणि वहिनींच्या गळ्यात एक बटण अडकवलं. पडलात, छातीत दुखलं, काहीही झालं तर दाबा, दहा मिनिटांत माणूस येईल, असं त्यांच्याकडून दहादा घोकून घेतलं. दोन महिन्यांपूर्वी रस्ता खणताना टेलिफोनची तार तुटली आणि ती जोडायला कुणी फिरकलं नाही. तेव्हा शेजारी सिमवाला डबाही टांगला. आता वहिनींचा सगळा भार त्या डब्यावर होता.

आणि तो डबा दगा देत होता.

"काका, तुमच्या वहिनींचा डबा परत गप्प झालाय," कंट्रोल रूममधली मुलगी आठवड्यातून तीनदा तरी सांगायची. भोंगेवाले हातातलं काम टाकून दादांना मोबाइलवर फोन करायचे, "येतोय." अर्ध्या तासाने पोचावं तर डबा भिंतीवर झकास, हिरवा दिवा लागलेला, सिग्नलच्या चार काड्या. दादा हाताची घडी घालून उभे. "काय झालं?" विचारायचे, आणि त्या दोन शब्दांत सव्वीस वर्षांचा हिशोब असायचा.

भोंगेवाल्यांनी सिम बदललं. अँटेना बदलली, बॅटरी बदलली, शेवटी डबाच बदलला. सिमच्या कंपनीशी फोनवर भांडताना त्यांचा आवाज बसला. पलीकडून दर वेळी नवा माणूस "आपली गैरसोय समजते" म्हणायचा, आणि समजत कुणालाच काही नव्हतं. डबा रोज साडेदहानंतर गप्प व्हायचा आणि बाराला बोलू लागायचा. रविवारी कधीच नाही. एवढं डोळ्यांसमोर असताना या अनुभवी माणसाने निष्कर्ष काढला की कामाच्या दिवशी त्या वेळेला टॉवरवर गर्दी होत असावी. रागावलेल्या माणसाला आपलंही डोकं धड चालत नसल्याचं कळत नाही.

त्या मंगळवारी पावणेबाराच्या सुमाराला मुलीचा फोन आला तेव्हा ते मागच्याच गल्लीत शिडीवर होते. वैतागून उतरले आणि फोनबिन न करता तडक दादांच्या दारात गेले. बेल वाजवली. आतून काठीचा आवाज हळूहळू जवळ आला.

"हे वाचनालयात गेलेत," वहिनी दार उघडत म्हणाल्या. "रविवार सोडून रोज जातात. आज फोन नाही केलास?"

भोंगेवाल्यांचं लक्ष भिंतीकडे होतं. खिळा रिकामा होता. डब्याची वायर पॅनेलमधून निघून सरळ खाली कपाटाकडे गेली होती आणि बंद दाराच्या फटीतून आत शिरली होती. वायर चेमटू नये म्हणून दाराच्या कडेला कानशीने घासून एक सुबक खाच पाडलेली होती. खाचेला रंगही लावला होता.

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लोखंडी कपाट, वर कुलूप, आत डबा. त्यातून सिग्नल कुठला बाहेर पडतोय? वहिनी घरात एकट्या असायच्या नेमका तेवढाच वेळ डबा मुका.

किल्ली दादांच्या कंबरेला. करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून त्यांनी पॅनेलची मेमरी चाळायला घेतली. आजवर त्यांनी तिथे फक्त सिमच्या तक्रारी पाहिल्या होत्या. आता मागे मागे जाताना एका ओळीवर बोट थांबलं. तीन आठवड्यांपूर्वी, सकाळी अकरा दहा. बटण दाबलं. निरोप पोचला नाही. पुन्हा प्रयत्न. पोचला नाही. अशा आठ ओळी होत्या.

"वहिनी, तुम्ही बटण दाबलं होतंत?"

वहिनी खुर्चीत बसून पदर सारखा करत राहिल्या. उत्तर द्यायच्या आतच जिन्यावर दादांची पावलं वाजली.

दादांनी भावाला पाहिलं, रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं आणि घसा साफ केला. "फोन करून यायची पद्धत आहे या घरात."

"फोन केला की तू धावत येऊन डबा टांगतोस, म्हणून नाही केला. दादा, अरे लोखंडात कोंडल्यावर तो बोलणार कसा? मी दोन महिने वेड्यासारखा सिम बदलतोय."

"घरात ही एकटी. भाजीवाला येतो, कुरिअरवाला येतो. तेवढी महागाची वस्तू कुणी खिळ्यावरून उचलून नेली म्हणजे?" दादांचा आवाज चढला. "तू स्वतःच्या खिशातून आणलीस ना ती? मग जपायला नको? चौतीस वर्षांत माझ्या ताब्यातली एक वस्तू हरवलेली नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू ओरडला असतास."

हे खरं होतं, त्यामुळे भोंगेवाल्यांचा राग आणखीच वाढला. त्यांनी दादांचा दंड धरून त्यांना पॅनेलसमोर उभं केलं. "वाच. हे वाच."

दादांनी चष्मा लावला. आठही ओळी त्यांनी माल तपासावा तशा एकेक करून वाचल्या. मग वळून वहिनींकडे पाहिलं. "त्या दिवशी मी आलो तेव्हा तू खाली बसली होतीस. औषधाच्या बाटलीचं झाकण शोधतेय म्हणालीस."

"पडले होते," वहिनी म्हणाल्या. "न्हाणीच्या दाराशी. तासभर तशीच होते."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? बटण दाबलं, कुणी आलं नाही. मला वाटलं, यंत्रच चालत नाही." त्यांनी धाकट्या दिराकडे पाहिलं नाही. "यानं एवढ्या हौसेनं बसवलेलं. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही याला बोल लावला असतात. एवढ्या वर्षांनी हा घरात यायला लागलाय. म्हटलं, जाऊ दे, आपण जपून चालू."

भोंगेवाल्यांना जोरात ओरडावंसं वाटत होतं आणि कुणावर ओरडायचं ते समजेना. तासभर. फरशीवर, गळ्यात बटण घेऊन. आणि एकानं आपण आणलेली वस्तू जपली, एकीनं आपली अब्रू जपली, आणि आपण आठवड्यातून तीनदा येऊन त्या आठ ओळी वाचल्या नाहीत. त्यांना लाज वाटली, आणि ती रागापेक्षा वाईट होती.

 दादांनी कंबरेची किल्ली सोडली, कपाट उघडलं आणि साखरेच्या बरणीमागून डबा काढला. त्याला सुतळीने एक चिठ्ठी बांधलेली होती, कारखान्यातल्यासारखी, त्यावर तारीख आणि 'धाकट्याकडून' असं लिहिलेलं. डबा दोन्ही हातांत धरून ते वहिनींच्या खोलीच्या दाराशी गेले आणि पलंगाच्या वरच्या भिंतीकडे बघत उभे राहिले.

"ड्रिल आणलंयस?" त्यांनी न वळता विचारलं.

"गाडीत आहे."

"घेऊन ये. खिळा नको, स्क्रू लाव. इथे, हिच्या डोक्याशी." दादांचा आवाज बारीक झाला होता. "आणि मला काढता येणार नाही असा बसव."