रेघेपर्यंतचं पाणी

सकाळच्या गाडीने तळेगावला दूध घेऊन येणारा आमच्या औंढ्याचा गवळी शाळेच्या फाटकाशी थांबला आणि म्हणाला, “मास्तर, वाडीवरचं धर्माभाऊ गेलं. परवा मातीबी झाली.” त्याला आता सव्वा महिना झाला. त्या क्षणी माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहायला संकोच वाटतो, तरी लिहितो… आता त्यांना पोटभर पाणी पिता येईल, असं आलं. शेवटचं वर्ष-दीड वर्ष त्यांनी दिवसाला तीन फुलपात्रं पाण्यावर काढलं होतं.

औंढ्याच्या वर, डोंगराच्या पदरात आठ-दहा घरांची वाडी आहे, तिथले ते; माझ्या नात्यातले नव्हेत. लोणावळ्यात मुंबईकरांचे बंगले वाढू लागले तेव्हापासून ते तिथे नळाचे चर खणायला रोजंदारीवर जात. खणता खणता नळ जोडायलाही शिकले. जमिनीला कान लावून पाइप कुठे फुटलाय ते सांगत. मुकादम हसे, पण खणायला तिथंच लावी. बंगल्यांतून टाकून दिलेल्या वह्यांची कोरी पानं ते आणत आणि सुतळीने शिवून मला देत. आमच्या घरात तोवर कोणी चौथीच्या पुढे गेलेलं नव्हतं. मी मॅट्रिक होण्याआधीपासून ते मला ‘मास्तर’ म्हणायचे. थट्टेनंच म्हणत, पण ते नाव खरं करावंसं मला वाटलं, आणि बी.ए. होऊन मी ते केलं.

मग त्यांचे पाय सुजले, तोंड सुजलं. पुण्याहून मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं, मी बरोबर होतो. दोन्ही मूत्रपिंडं निकामी होत चालली आहेत, रक्ताच्या नात्यातल्या कोणी एक दिलं तर माणूस वाचू शकेल, असं डॉक्टर म्हणाले, आणि पाणी दिवसाला तीन फुलपात्रांवर जाऊ द्यायचं नाही असंही बजावलं. असं काही होतं हे मी फक्त वर्तमानपत्रात वाचलं होतं. धर्माभाऊंच्या थोरल्या बहिणीला, ठकूआक्कांना, मी भीतभीतच ते समजावून सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, “दोन असत्यात न्हवं? मंग येक काढा की. उरल्याल्या एकावर डोंगर चढता येतो का, तेवढं इचार.” तपासण्या झाल्या, रक्त जुळलं. मला वाटलं, अवघड ते झालं.

शेजारच्या खाटेवर एका व्यापाऱ्याचा मुलगा होता. दुखणं तेच. त्याच्या लोणावळ्याच्या बंगल्याचे नळ धर्माभाऊंनीच जोडलेले निघाले. त्याला त्याचा सख्खा भाऊ मूत्रपिंड देणार होता आणि ऑपरेशनची तारीखही ठरली होती. धर्माभाऊंनी त्याला बागेतला कुठला नळ दर उन्हाळ्यात गळतो ते सांगितलं.

आम्हाला मिळाला फॉर्म. घरी वेगळी, स्वच्छ खोली आहे काय? घरी नळ आहे काय? ताप मोजून लिहून ठेवणारं कोणी आहे काय? मी वळणदार अक्षरात लिहिलं… नाही, नाही, नाही. खरं लिहिलं की त्यांना दया येईल, असं मला वाटलं होतं. फॉर्म घेणाऱ्या बाईंनी खाली मान घालून समजावलं, की ऑपरेशननंतर साधा संसर्गही जीव घेतो, जागा थोड्या आहेत, म्हणून ज्यांच्या घरी सोय आहे त्यांचा नंबर आधी लागतो. त्यांचं चुकत होतं असंही म्हणता येईना.

परतीच्या गाडीत धर्माभाऊंनी मी काय लिहिलं ते विचारून घेतलं. “न्हाई का लिवलंस? ‘अजून न्हाई’ आसं लिवायचं, मास्तर.” मग म्हणाले, “लोनावळ्यात संडासाला नळ हाय. मीच जोडलाय. माज्या दाराला जोडाय येत न्हाई व्हय मला?”

पुढच्या सहा महिन्यांत मी जे पाहिलं ते माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो तेव्हा त्यांना ते गोष्टीतलं वाटतं. ज्या झऱ्याचं पाणी खाली आणायचं तो वाडीच्या खूप वर. धर्माभाऊंना चार पावलं टाकवत नव्हती. घोंगडीची झोळी बांबूला बांधून लोक त्यांना वर नेत. ते दगडावर पाण्याने भरलेली थाळी ठेवायला सांगत, पाणी कुठल्या कडेला झुकतं ते बघत आणि काठीने वाट दाखवत. वाडी खणत जाई. बांबू उभे चिरून, आतल्या गाठी काढून पन्हळी केल्या. घरांजवळ बंगल्यांतून टाकून दिलेले पाइपांचे तुकडे जोडले. त्यांच्या पत्नीने, हौसावहिनींनी, एक खोली चुन्याने पांढरी केली, चूल बाहेर काढली. मी दर रविवारी जाऊन त्यांना आकडे शिकवले. मी दिलेला थर्मामीटर वहिनी तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवत, आणि कॅलेंडरच्या पाठीवर रोजचा ताप लिहीत.

दिवाळीच्या आधी पाणी आलं. वाडीतल्या बायका हंडे घेऊन उभ्या होत्या. पहिलं पाणी तुमी घ्या, असं सगळ्यांनीच म्हटलं. धर्माभाऊंच्या पितळी फुलपात्राला आतून खिळ्याने ओढलेली रेघ होती, पाणी त्यावर जाऊ नये म्हणून. त्यांनी रेघेपर्यंतच भरलं, घोट घोट करून संपवलं, नळ घट्ट बंद केला आणि खाली वाकून बघितलं. “गळत न्हाई,” म्हणाले.

मी लगेच मुंबईला गेलो. बाईंनी जुना फॉर्म काढला, माझे तिन्ही ‘नाही’ खोडून स्वतःच्या हाताने ‘आहे’ लिहिलं. डॉक्टरांनी सगळं ऐकून यादीत नाव घातलं, आणि मग विचारलं, की ऑपरेशननंतर जन्मभर रोज घ्यायचं औषध परदेशातून येतं, ते याला कोण पुरवणार? हा प्रश्न फॉर्मवर नव्हता… माझ्या पगारात ते बसणारं नव्हतं.

वाडीवर येऊन नाव लागल्याचं तेवढं सांगितलं. “आन काय म्हनले?” धर्माभाऊंनी विचारलं. एवढंच, मी म्हटलं. ते म्हणाले, “मास्तर, तुला खोटं लिवता येत न्हाई, आन बोलताबी येत न्हाई.” त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही, आणि ऑपरेशनची तारीखही आली नाही. पण वहिनींना ताप मात्र रोज मोजायला लावला. चुकायचं न्हाई, म्हणत.

गेल्या रविवारी वर गेलो होतो. पांढऱ्या खोलीत कॅलेंडर आहे, आकडे शेवटच्या सकाळपर्यंत आहेत. नळावर बायकांचं बोलणं चाललं होतं. नळाचं आता कोणाला नवल वाटत नाही. शेजारच्या दगडावर ते फुलपात्र होतं. चढून आलो होतो, ऊन होतं. मी रेघेपर्यंत भरलं आणि प्यालो. तीन घोटांत संपलं. वहिनी म्हणाल्या, “घ्या की आजून, भावजी. पानी लय हाय.”

मी फुलपात्र दगडावर ठेवलं आणि तहानलेलाच डोंगर उतरलो.