मागची डावी सीट

ज्यांच्याकडे कधीच गाडी नव्हती, अशा माणसांनीच या जगातल्या गाड्यांची खरी काळजी वाहिली आहे, असं माझं ठाम मत आहे. आणि ते सिद्ध करायला माझे मामेसासरे, म्हणजे बायकोचे सख्खे मामा, एकटे पुरेसे आहेत. मामांना गाडी चालवता येत नाही. लायसन्स काढायचा विचारही कधी त्यांच्या मनाला शिवला नाही. पण जगाच्या पाठीवर कुठेही एखादी आलिशान सेडान येऊ घातली, की कळा इकडे मुलुंडला मामांना सुरू होतात. तिचं नाक कसं असावं, इंजिनात सिलिंडर किती असावेत, दरवाजाची मूठ आत दडलेली असावी की बाहेर, या चिंतेत त्यांचा चहा निवून जातो. मामी म्हणतात, "स्वतःच्या मुलाच्या लग्नात एवढी चौकशी केली नव्हती ह्यांनी."

मामांची सगळी नोकरी मरोळच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये गेली. केसाच्या जाडीएवढी चूक झाली तरी तुकडा भंगारात, असं ते काम. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, पण मोजायची खोड सुटली नाही. शर्टाच्या खिशात छोटी मेजरिंग टेप कायम असते आणि कुठेही मोठी गाडी उभी दिसली की ती टेप आपोआप बाहेर येते. घाटकोपरला एका लग्नात आम्ही पंगतीला बसलो आणि मामांचं पान रिकामं. शोधायला गेलो तर हे खाली, फुलांनी सजवलेल्या नवरदेवाच्या गाडीत वाकून मागच्या सीटपुढे गुडघ्यांना जागा किती ते मोजतायत, आणि ड्रायव्हर डोक्याला हात लावून उभा. मामांनी त्यालाच विचारलं, "मागे बसलेला माणूस झोपतो का रे?" तो म्हणाला, "नाही ओ, साहेब सारखे फोनवर ओरडत असतात." मामांनी गंभीरपणे डायरीत लिहिलं, 'सस्पेन्शन कडक.' कारण त्यांचा सिद्धांतच होता: इंजिन राहू दे, रंग राहू दे, मागे बसलेल्याला डुलकी लागली तर ती गाडी आणि चालवणाराही चांगला. स्वतः मामांना मात्र तोवर कुठल्याही वाहनात झोप लागलेली नव्हती. बस असो की टॅक्सी, पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरून ते रस्त्याकडे असे बघत बसत, की जणू सगळी जबाबदारी त्यांच्यावरच आहे.

अशा माणसाच्या तावडीत माझी गाडी कशी सापडली, ते सांगायला हवं. गाडी म्हणजे जुनी, छोटी, सेकंडहँड. एका दुपारी भांडुपजवळ ब्रेकऐवजी माझा पाय ॲक्सिलरेटरवर पडला आणि आम्ही उभ्या टेम्पोवर जाऊन आदळलो. टेम्पोला काही झालं नाही. मागे बसलेल्या माझ्या मुलीच्या, सईच्या, हनुवटीला तीन टाके पडले. टाके आठवड्यात निघाले, पण माझ्या पायातली भीती निघाली नाही. गाडी दुरुस्त होऊन आली आणि मी तिला सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी केली ती केलीच. किल्ली हातात घ्यायचो आणि परत खुंटीवर अडकवायचो. सई गाडीजवळून जाताना माझा हात धरायची. ते मला जास्त लागायचं. शेवटी बायको म्हणाली, "विकून टाकूया रे." मी हो म्हणणार होतो.

त्याच सुमारास एका परदेशी कंपनीची नवी सेडान येणार अशी कुजबुज सुरू झाली. मामा आमच्याच सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहायचे. चर्चेसाठी त्यांना एक प्रतिस्पर्धी होता, तळमजल्यावरचे निवृत्त बँकवाले. दोघे आधी बाकावर बसायचे. एका रविवारी सकाळी मामांनी फर्मान काढलं, "गाडीवर बोलायचं तर गाडीत बसून. जावईबापू, कव्हर काढा." बँकवाले मागे उजवीकडे, मामा मागे डावीकडे, कारण ती मालकाची जागा. मी मागच्या दोघांच्या मध्ये शिरू लागलो तर मामा म्हणाले, "अहो, स्टिअरिंगमागे कोणी नसलं तर ती गाडी कसली? तुम्ही पुढे बसा. किल्ली नको, नुसते बसा." बसलो.

मग काय ती चर्चा! वेष्टन गुंडाळून कुठेतरी चाचणीला निघालेल्या त्या गाडीचा एक धूसर फोटो मामांच्या फोनवर होता. तो इतका मोठा करून बघितला जायचा, की शेवटी नुसते ठोकळे दिसायचे. पुढची जाळी बघून मामांचं मालवण जागं व्हायचं. "एवढी मोठी जाळी कित्याक? आमच्या माजघराक एवढी खिडकी नाय!" इंजिनावर तर दोघांची कायमची जुंपायची. मामा सरळ ओळीतल्या सहा सिलिंडरवाले, बँकवाले चार सिलिंडर आणि जोडीला बॅटरीवाले.

"जमाना बदललाय यार," बँकवाले म्हणायचे, "चारच येणार, लिहून देतो."

"तू आयुष्यभर शिक्के मारलेस, तुला इंजिनातलं काय कळतंय? चार सिलिंडरवर एवढं धूड ओढायचं म्हणजे वाट लागली ना त्याची!"

मागून काढलेल्या आणखी एका फोटोत दिसणारा एक्झॉस्टचा दुसरा पाइप हा मामांचा हुकमी पुरावा होता: दोन पाइप म्हणजे सहा सिलिंडर. त्यावरून दोघांनी एक अख्खा आठवडा अबोला धरला. पुढे स्वच्छ फोटो आला तेव्हा तो पाइप नसून गाडीमागे बसलेल्या कुत्र्याची शेपटी असल्याचं निष्पन्न झालं.

पुढच्या रविवारी मामा म्हणाले, "इंजिनावर बोलायचं आणि इंजिन बंद? सुरू तरी करा, कानाला बरं वाटेल." मी किल्ली फिरवली. ती दुसऱ्या खेपेला फिरली, पण मागे भांडण एवढं जोरात होतं की माझ्या हाताकडे बघायला कोणाला फुरसत नव्हती, असं मला वाटलं. त्यानंतरच्या रविवारी नव्या सेडानला वळायला किती जागा लागेल यावर वाद निघाला आणि तो मिटवायला मी गाडी गेटपर्यंत नेऊन वळवून आणावी असं ठरलं. अर्ध्यात माझा पाय गोठला. मामा खाली उतरले, टेपने उगाच काहीतरी मोजलं आणि म्हणाले, "बरोबर, आजच्यापुरतं एवढंच माप हवं होतं." पुढच्या खेपेला गेटपर्यंत गेलो.

आणि मग एका रविवारी मामा इस्त्रीचा शर्ट घालून खाली आले. "अंधेरीच्या शोरूममध्ये आज ती गाडी ठेवणार आहेत. रिक्षाने गेलो तर दारावरचा गार्ड आत घेईल काय? तुम्ही न्या. आणि सईला घ्या, मागची जागा पोरांना पुरते का बघायचंय." मी नाही म्हणायच्या आत सई गाडीत मागे जाऊन बसलीसुद्धा होती, मामांच्या डाव्या जागेवर, हातात त्यांची टेप घेऊन. मामा त्या दिवशी पहिल्यांदा पुढे, माझ्या शेजारी बसले. कांजूरमार्ग, पवई, मग मरोळ. दर सिग्नलला मला टेम्पो दिसत होता. मामा एका हाताने वरची मूठ आवळून तोंडाने मात्र अखंड बोलत होते: सहा सिलिंडर कसे हवेत, माझ्या क्लचचा आवाज कसा गोड आहे, इथे डावीकडे त्यांचा कारखाना कसा होता. आरशात बघितलं तर सई टेपने खिडकी मोजत होती. तिने दाराची कडी धरलेली नव्हती.

शोरूमवाला म्हणाला, "सर, ती गाडी पुढच्या महिन्यात येणारे." मामांनी कपाळाला हात लावला. "अरेच्चा, माझंच चुकलं वाटतं." मला असा राग आला म्हणून सांगू! परत येईपर्यंत मी त्यांच्याशी धड बोललो नाही. पण घरी उतरताना सईने विचारलं, "बाबा, पुढच्या रविवारी आरे कॉलनीत जायचं?" आणि मी हो म्हणून गेलो.

ती सेडान महिन्याभराने आली. चार सिलिंडर आणि बॅटरी. मामांनी बँकवाल्यांना स्वतःहून चहा पाजला आणि पुढच्या मॉडेलमध्ये बघून घेण्याची धमकी दिली.

गेल्या महिन्यात मामा-मामी चेंबूरला मुलाकडे राहायला गेले. मामांना आता दोन मजले चढवत नाहीत. आवराआवरीला मी गेलो होतो. स्वयंपाकघराच्या दारामागे एक जुनं कॅलेंडर होतं. फेकायचं का ठेवायचं म्हणून पानं चाळली. एका तारखेला लाल गोल आणि आत 'गाडी येणार'. म्हणजे तारीख त्यांना पक्की ठाऊक होती. ज्या माणसाने आयुष्यात केसाएवढी चूक केली नाही, त्याची महिन्याची चूक कशी होईल, हे माझ्या डोक्यात तेव्हा आलंच नव्हतं. मी आधीच्या महिन्याचं पान उघडलं. त्या पानावर रविवारच्या चौकोनांत, टूलरूमच्या बारीक अक्षरात, पेन्सिलीने ओळीने लिहिलं होतं: 'बसले.' 'इंजिन चालू.' 'गेटपर्यंत नाही.' 'गेटपर्यंत.' आणि शेवटच्या चौकोनात, 'अंधेरी. सईसकट.'

ते पान मी घडी करून खिशात घातलं. मामांना काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सिलिंडरचा विषय काढला असता. पण इथे लिहितो: मामा, मी तुमचा फार ऋणी आहे. माझ्या मुलीला माझ्या गाडीत पुन्हा निर्धास्त बसवलं, ते तुम्ही.

सामान टेम्पोने पुढे गेलं. मामी माझ्या शेजारी बसल्या, मामा आपल्या मागच्या डाव्या जागेवर. हायवेला लागल्यावर नव्या येणाऱ्या कुठल्याशा गाडीच्या दिव्यांबद्दल त्यांनी बोलायला सुरुवात केली. विक्रोळीपर्यंत मी हूं हूं करत होतो. मग बोलणं थांबलं. मला वाटलं, चिडले. मामींनी मागे वळून बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "अगो बाई, हे झोपले."

मी आरशात बघितलं. मामांची मान दाराला टेकली होती, हात मांडीवर उघडा पडला होता, कशालाही धरलेला नव्हता. चेंबूर आलं तेव्हा मी मुलाच्या घराकडे वळलो नाही. मामींनी आपल्या बाजूची काच हळूच वर केली. आम्ही तसेच सरळ, सावकाश, अजून थोडं पुढे गेलो.