यीस्टच्या बाटलीचा जाहीर प्रयोग

पन्नाशीला लोक गुडघ्याला तेल चोळतात. मी माशांच्या टाकीत जंगल उभारायला निघालो. शीतपेयाची रिकामी बाटली घेतली, तिच्यात साखर, कोमट पाणी आणि बेकरीवाल्याकडून मागून आणलेलं चिमूटभर यीस्ट घातलं. झाकणाला भोक पाडलं, भोकात सलाईनची नळी, फटीला गोंद. यीस्ट साखर खातं आणि गॅस सोडतं, तो नळीतून टाकीत जातो आणि पाण्यातली झाडं त्यावर तरारतात. पानांवर मोत्यांसारखे बुडबुडे धरतात म्हणे. ते मोती मला बघायचे होते. खरं सांगायचं तर, दाखवायचे होते.

टाकी बाबांच्या खुर्चीसमोर असायची. चाळीस वर्षं होडीवर काढलेला माणूस, गुडघ्यांनी समुद्र सोडायला लावलेला. जिवंत मासा इतका वेळ त्यांनी आयुष्यात कधी पाहिला नव्हता. आठ मासे होते. त्यांतला एक काळा, लांब परांचा, बाबांच्या बोटांतून दाणे खायचा. त्या वेळी घरात कुणी शिंकायचंही नाही, अशी ताकीद होती.

रविवारी मेहुण्याला सहकुटुंब जेवायला बोलावलं आणि प्रयोग लावला. रंगत यावी म्हणून यीस्ट दुप्पट घातलं, बाटली खिडकीतल्या उन्हात ठेवली. हवेचा पंप बंद केला, नाहीतर त्याच्या खळखळाटात माझे मोती कुणाला दिसले असते? आणि आले हो! पानापानावर आले. मी हात पसरून टाकीसमोर उभा राहिलो, जणू पडदा मीच वर ओढला होता.

“अरे, मासे वर आलेत,” बाबा खुर्चीतून म्हणाले. “दम कोंडलाय त्यांचा. पंप लाव.”

मासे पाण्याच्या वर तोंडं काढून आ वासत होते. मला दिसत होतं.

“पाहुण्यांना सलाम करतायत, बाबा.”

“सलाम न्हाय. मरतायत.”

“ऐका भावोजी, जाणता माणूस हाय,” मेहुणा म्हणाला.

तेव्हा मी ते वाक्य टाकलं. “बाबा, चाळीस वर्षं टोपल्या भरून मासे काढलेत. तेव्हा कुणाचा दम मोजला होतात?”

घर हसलं. हसून हसून मेहुण्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं पुन्हा म्हणायला लावलं आणि मी पुन्हा म्हटलं, या खेपेला जरा थांबून, बाबांकडे बोट करून. बाबांनी मांडीवरच्या टॉवेलची घडी घातली.

मग आम्ही पडवीत सुरमईचं कालवण जेवायला बसलो. बाबांनी “भूक न्हाय” म्हणून सांगितलं. पंपाचं बटण कपाटामागे होतं आणि खुर्चीतून उठायला त्यांना माझा खांदा लागतो. मी त्यांच्यापासून चार हातांवर बसून भात कालवत होतो. त्यांनी हाक मारली नाही.

हात धुऊन आलो तेव्हा सात मासे उलटे तरंगत होते आणि काळा तळाशी आडवा पडला होता. मी झटकन पंप लावला, नळी उपटली. बाबांनी हात पुढे केला, मी खांदा दिला. बाही न सावरताच त्यांनी टाकीत हात घातला आणि काळ्याला तळव्यावर घेतलं.

“मला कळलं नाही, बाबा,” मी म्हणालो. हे खोटं होतं.

“सांगितलं व्हतं,” ते म्हणाले. आवाज नेहमीचाच होता.

त्यानंतर त्यांनी मला काही सांगणंच सोडलं. पूर्वी दिवसभर चालायचं: भरती हाय, गाडी वर लाव, चाकात हवा कमी हाय, आज वारा बरा न्हाय. मी प्रत्येकाची नक्कल करून घर हसवायचो. परवा मी गॅसपाशी उभा होतो, मोबाइलमध्ये मान घालून, आणि समोर दूध वर येत होतं. बाबांची खुर्ची तीन हातांवर. बाबांनी पाहिलं आणि हाक मारली, पण मागच्या अंगणात कपडे वाळत घालणाऱ्या सुनेला.