ऐंशीच्या खाली

जन्मभर मी म्हावरा वाट्यावर विकला. पाटी डोक्यावर घेऊन बोईसरला जायची, कॉलनीच्या कोपऱ्यावर फडकं टाकायची आनि मांदेली, करंदी, बोंबील यांचे ढीग लावायची. किलोनं कदी दिलं नाय. कंपनीतल्या मानसांच्या हिंदीवाल्या बाया विचारायच्या, "मौसी, वजन कितना है?" मी म्हनायची, "वजन नहीं, वाटा हाय. आंख से देखो और ले लो." म्हनून काटा हा प्रकार मला म्हाईतच नव्हता. मी काट्यावर पयल्यांदा उभी राहिली ती हाडांच्या डॉक्टरकडे, म्हातारपनी.

पाटी डोक्यावर वाहून वाहून माझे गुडघे गेले. तारापूरच्या खालच्या अंगाला आमचं गाव, खाडीच्या काठाला. घरापासून रिक्षापर्यंत चालाचं म्हनलं तरी मदी दोनदा कुनाच्या ओट्यावर बसावं लागे. मंग तेवढंही होईना. खाटेवरून उठून मोरीत जावाचं तरी कुनीतरी धरून उठवावं लागे. पोरगा नि सून दोघंही कंपनीत जातात. दिवसभर घरात मी नि माझा म्हातारा. तो उठवनार तवा मी उठनार.

डॉक्टरनं फोटो काढले, उजेडावर धरून बगितले. म्हनाला, "आजी, दोन्ही गुडघे बदलायला लागतील. बदलले की चालाल. पण आधी वजन ऐंशीच्या खाली आणा. एवढ्या वजनावर मी हात लावणार नाही, भूल देताना धोका आहे."

काट्यावर मी नव्वदीच्या पुढं भरली. म्हातारा बाजूला उभा होता. तो म्हनाला, "बरं झालं तुला होडीत कदी घेतली नाय. आदी म्हावरा उतरवावा लागला असता."

नर्स हसली. मी पन हसली. चालाला मिळनार म्हनून त्या दिवशी मला बरं वाटत होतं. ऐंशीच्या खाली, एवढंच डोक्यात धरलं.

आता म्हाताऱ्याचं सांगते. तो जवानीत होडीवर खलाशी होता. दर्यावरनं आला का भाताची अशी रास लागायची का समोर बसलेलं मानूस दिसू नये. अजून तसंच. दात गेले, पन भूक नाय गेली. सकाळी तांदळाच्या भाकऱ्या, दुपारी भात नि कालवन, चारला चाबरोबर बेकरीचे बटर, रातीला परत भात. आनि अंगानं बगाल तर सुकवलेला बोंबील. हाडं मोजावी. मी अर्धी भाकरी खाल्ली तरी अंगाला लागते, तो टोपभर खातो ते कुटं जातं देवाला ठाऊक. मला नशिबाचा राग येत नाय सहसा. पन त्याचं ताट बगून येई.

भात मी सोडला. सुनेनं मोबाईलवर बगून कसलंतरी लापशीसारखं शिजवून दिलं, ओट्स म्हनतात. चव भिताडाला लावाच्या खळीची. खाल्लं. साखर सोडली, तळलेलं सोडलं. सुनेनं काचेचा काटा विकत आनला नि दाराच्या आड ठेवला. दर रविवारी ती नि पोरगा मला दोन्ही बाजूंनी धरून त्यावर उभी करायची, मंग हळूच हात सोडायची.

काटा खाली येत गेला. पयल्या म्हयन्यात बराच आला. सून टाळ्या वाजवाची.

म्हाताऱ्याला मात्र ते बरं नाय वाटलं. आमच्याकडं एक रीत होती, म्हनजे आमच्या दोघांतली. लग्न झालं तवापासून तो जेवताना गाबोळी खात नाय. म्हावऱ्याच्या पोटातली अंडी, ती ताटाच्या कडेला सरकवून ठेवतो. कदी डोकं ठेवतो, कदी मदला चांगला तुकडा. तो उठला का त्याच ताटात मी बसायची, भात घ्यायची नि ते खायची. तोंडानं गोड बोलनारा मानूस तो नव्हेच. त्याचं जे काय बोलनं होतं ते त्या कडेला असायचं.

सुनेनं एक दिवस ते पकडलं. मी खाटेवर बसून हळूच गाबोळी तोंडात टाकत होती. "आई, हे कोनाच्या हिशोबात?"

"हे जेवन नाय गं," मी म्हनली. "हे त्यांचं ठेवलेलं."

"वजनाला काय माहीत कोनी ठेवलंय ते!"

तिचं खरं होतं. दुसऱ्या दिवशी मी म्हाताऱ्याला सांगितलं, "अवो, माझ्यासाठी ठेवू नका."

"नाय ठेवत," तो म्हनाला. पन त्यानं खाल्लीही नाय. गाबोळी तशीच उचलून मांजराला घातली. मंग दोन दिवस माझ्याशी बोलला नाय. उठवाचं काम मात्र चोख. हात पुढं करी, मी धरी, उठवी, मोरीत नेई, परत आनी.

बाजूच्या घरातली माझी जाऊ ओट्यावरून ओरडून विचारी, "काय गं, सून जेवाला घालत नाय का? चेहरा बघ कसा झालाय!" सून कामावर जाताना ते ऐकून जाई. तिचं तोंड एवढंसं होई. मी कुना कुनाला समजवावं?

मंग भावकीत हळद आली. आमच्याकडं हळदीच्या रातीला नाय म्हनता येत नाय. नाय म्हनलं तर मानसं धरतात का काय राग हाय म्हनून. नवरीच्या आयनं सवताच्या हातानं वाढलं. घोळ म्हावऱ्याचं कालवन, भात, वडे. मी एक वडा खाल्ला, मंग तिनं दुसरा ठेवला. त्या रविवारी काटा वर. मंग परत ओट्स, परत खाली. परत कुनाचं बारसं, परत वर. असं भरती ओहोटीसारखं चाललं, पन दर खेपेला जरा जरा खालीच. ऐंशी आता लांब नव्हती. उंबऱ्याच्या भायेर पाय ठेवाला मिळंल असं वाटाला लागलं.

मधल्या तपासनीला डॉक्टरनं पाठीवर थाप दिली. म्हनाला, "शाब्बास आजी. भात नकोच. पोट माशांवर भरा. मासे चांगले. फक्त तळू नका."

हे ऐकून मला किती बरं वाटलं! म्हावरा म्हनजे आमच्या घरचंच. ते खा म्हनून डॉक्टर सांगतो तर आनि काय पायजे?

पन पावसाळा लागला. होड्या वर काढल्या, दर्या बंद. ताजा म्हावरा कुटला मिळनार? बोईसरच्या बाजारात बर्फातला येतो, तो आमच्या घशाखाली उतरत नाय. आमच्यात पावसाळ्याला म्हनून उन्हाळ्यातच सुकवून ठेवतात. बोंबील, सुकट, मीठ भरून खारवलेला म्हावरा. डबे भरलेले. आमच्यासाठी सुका तो पन म्हावराच. मी काय केलं, निखाऱ्यावर बोंबील भाजायची, खारवलेला तुकडा भाजायची, तेलाचा थेंब नाय, आनि तेच खायची. सकाळी अर्ध्या भाकरीबरोबर, दुपारी नुसतंच. डॉक्टरनं सांगितलं तसंच करते म्हनून मला आतून शाबासकी वाटायची.

त्या रविवारी काटा वर गेला.

सून म्हनाली, "आई, मशीन ओलं झालं वाटतं." पुसलं. परत उभी केली. तेवढंच.

मी भाकरी सोडली. पुढच्या रविवारी आनखी वर. मी रातचं जेवन सोडलं, नुसता एक बोंबील नि चा. काटा परत वर. पोटात काय नाय आनि काटा वर. मी असं कदी पायलं नव्हतं. सून माझ्याकडं बगायची, मंग नजर फिरवायची. तिला वाटलं असेल म्हातारी दिवसा चोरून खाते. एक दिवस म्हाताऱ्याला विचारताना मी ऐकलं. "बाबा, खरं सांगा, तुमी आईला भात देता का?"

"मी?" म्हातारा चिडला. "ती माझ्या ताटाकडं बगत पन नाय! तिला हवा लागते अंगाला, हवा!"

मंग तो सवता काट्यावर जाऊन उभा राहिला, नुकताच रास संपवून. जेवनाआदी तो भरला होता, काटा तेवढ्यावरच. "बग," तो म्हनाला, "याचं काय कळत नाय. फेकून दे भायेर."

मी खाटेवर बसली होती. माझ्या पायांकडं बगत होती. पाय सुजून गोल झाले होते. बांगड्या मनगटात रुतल्या होत्या. आडवी पडली का श्वास कोंडायचा, म्हनून बसूनच झोपायची. मला वाटलं ही पन चरबीच. म्हनून मी आनखी कमी खाल्लं, म्हनजे नुसता सुका म्हावरा आनि चा, दुसरं काय नाय.

श्वास फार कोंडाला लागला तवा पोरानं रजा टाकली आनि मला नि म्हाताऱ्याला बोईसरला नेलं. डॉक्टरनं माझ्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला. तो भरेचना.

"आजी, खाताय काय?"

"तुमी सांगितलं तेच. म्हावरा. भात नाय, भाकरी नाय, तेल नाय."

"पावसात मासे? कुठले?"

"सुके. भाजून. खारवलेले."

त्यानं पेन खाली ठेवलं. रागावला नाय. रागावला असता तर बरं झालं असतं. म्हनाला, "आजी, ते मीठ होतं. तुम्ही मीठ खात होता. अंगात सगळं पाणी साठलंय."

म्हातारा म्हनाला, "पन तुमीच म्हनले का म्हावरा खा."

"म्हणालो," डॉक्टर म्हनाला. "ताजा की सुका ते मी विचारलं नाही. आणि तुम्हालाही ते वेगळं वाटलं नाही."

कुनाची चूक म्हनावी? त्याला आमचा पावसाळा म्हाईत नव्हता आनि आमाला त्याचं मीठ.

मंग दुसरीकडं पाठवलं, पडद्यावर काळजाचा फोटो काढला, रक्तदाब वाढलेला. गोळ्या दिल्या पानी काढाच्या. त्या गोळ्यांनी दिवसभर मोरीतच जावं लागे. म्हातारा मला उठवी, बसवी, उठवी, बसवी. तो एकदा पन कुरकुरला नाय. पाय हळूहळू उतरले. बांगड्या सैल झाल्या.

आनि एका रविवारी सुनेनं काट्यावर उभी केली, तर ऐंशीच्या खाली. चांगली खाली. ती रडली. म्हातारा ओट्यावर जाऊन माझ्या जावेला ओरडून सांगून आला, "ऐंशीच्या खाली गेली गं! आता बग, पळते का नाय ती!"

आमी बोईसरला गेलो. मी नवी साडी नेसली होती. डॉक्टरनं काळजाच्या फोटोचे कागद पुढं घेतले, वाचले. मंग खुर्ची माझ्याजवळ ओढली. म्हनाला, "वजन झालं आजी, पण हृदयावर ताण पडलाय. आता भूल द्यायला मी धजावत नाही. औषधं घ्या, सहा महिन्यांनी बघू."

"मंग ऐंशी कशाला सांगितली?" म्हातारा म्हनाला.

डॉक्टरनं कागद गोळा करून त्याच्या हातात दिले. मीच म्हनली, "चला, उशीर होईल."

रिक्षात पाम गावाच्या फाट्यावर म्हातारा म्हनाला, "आता तरी पोटभर खा." मी म्हनली, "भूक नाय." आनि खरंच नव्हती. इतक्या दिवसांत ती कुटं गेली मला समजलं नाय.

आता माझं जेवन अळनी. सून माझ्यापुरतं वेगळं शिजवते. म्हातारा म्हनाला मी पन तसंच खातो. दोन दिवस खाल्लं. तिसऱ्या दिवशी तो जावेच्या घरातून आला, तर त्याच्या हाताला कालवनाचा वास. मी सुनेला सांगितलं, त्यांना पयल्यासारखं करून दे. काम करनारा तोच हाय. त्यानं खाल्लं नाय तर मला उठवनार कोन?

तो जेवतो. पन आता माझ्याकडं पाठ करून, भिंतीकडं तोंड करून जेवतो. मला त्याची पाठ दिसते, पाठीची हाडं, भात कालवताना हलनारा कोपर. मी खाटेवर बसून वाट बगते. मला मोरीत जावाचं असतं, पन मदी त्याला उठवत नाय. पोटभर जेवू देते. मंग तो हात धुतो, पंचाला पुसतो, माझ्यापुढं येऊन उभा राहतो आनि विचारतो, "उठतेस?"

मी हात वर करते.