डेझर्ट, डिझर्ट आणि न काढलेला केर

दोन हजार दहानंतरची काही वर्षं आम्ही ओमानमध्ये, इब्र्याला होतो. मी शाळेत इंग्रजी शिकवत असे. दहावीच्या मुलांकडून दर वर्षी दोन शब्द घोकून घ्यायचे: डेझर्ट म्हणजे वाळवंट, डिझर्ट म्हणजे जेवणानंतरचं गोड. गोड दोनदा मागावंसं वाटतं, म्हणून त्यात एस दोन. ही युक्ती मला माझ्या बाईंनी दिली होती आणि मी ती डोळे मिटून पुढे ढकलत होते. एका वर्षी माझी मुलगीच वर्गात बसली होती. तिने हात वर केला. ‘पण मिस, हे दोन शब्द इतके सारखे का दिसतात?’ घरी आई म्हणणारी ही मुलगी वर्गात मिस म्हणे, आणि त्यात थोडी खोडीही असे.

उत्तर येत नसलं की मला राग येतो. त्या रागातच घरी जाडजूड कोश काढून बसले. वाळवंटाचा शब्द लॅटिनमधल्या ‘सोडून जाणे’ या अर्थाच्या क्रियापदातून आला होता, आणि त्याच्याही तळाशी होतं ‘जोडणे, ओवणे’. ओवलेलं सुटलं, असा काहीसा मूळचा अर्थ. गोडाचा शब्द फ्रेंचांचा: वाढलेलं उचलणे. ताटं उचलून मेज मोकळं झालं की मग जे येतं, ते. सख्खी भावंडं वाटणारे हे दोघे एकमेकांचे कुणीच लागत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी हे वर्गात सांगितलं आणि वर म्हटलं, की आपल्याकडे हा प्रकारच नाही. आपलं गोड ताटातच असतं, भाजीच्या शेजारी. इथल्या लोकांकडे तर हलवा आणि कहवा, म्हणजे बिनदुधाची कॉफी, पाहुणा आल्या आल्याच पुढे येतो. जेवणारा उठायच्या आत ताटं गोळा करणाऱ्यांचं मला कधी कौतुक वाटलं नाही, असंही ठोकून दिलं. मुलं हसली. माझी मुलगी हसली नाही. दहावीनंतर तिला पुण्याला मावशीकडे पाठवायचं, असं त्याच आठवड्यात घरात ठरलं होतं.

शाळेत दहावीपुढे वर्ग नव्हते. तिला मस्कतला राहून शिकायचं होतं आणि एकट्या पोरीला तिथे ठेवायला मी तयार नव्हते. ठरवलं मी, तिच्या बाबांनी मान डोलावली. ‘नोबडी आस्क्ड मी,’ ती म्हणाली. रागावली की ती मराठी सोडून द्यायची, आणि त्यानंतर ती सोडलेलीच राहिली. माझ्याशी कामापुरतं बोले, तेही इंग्रजीत. मला भीती एकच होती. आपल्याला घरातून टाकून दिलं, असं हिच्या मनात बसलं तर ते पुढे कोण काढणार?

निघायच्या दुपारी मी शिरा केला. तिने चमचाभर खाल्ला. हातावर दही घातलं, ते निमूट चाटलं. ‘जाते,’ म्हणाली. ‘येते म्हणावं,’ मी सवयीने बोलून गेले. ‘आय ॲम नॉट गोइंग, आई. यू आर सेंडिंग मी.’ एवढं बोलून ती गाडीत बसली. बाबा तिला पुण्याला पोचवून परतणार होते. मस्कतहून मला एकटीला परत आणणारं कुणी नव्हतं, म्हणून मी दारातूनच फिरले.

थोड्या वेळाने शेजारच्या घरमालकीणबाई कहव्याचा थर्मास घेऊन आल्या. वयाने मोठ्या, मोडकंतोडकं हिंदी बोलणाऱ्या. मी टेबलाशी नुसती बसलेली पाहून त्यांनी काही न विचारता ताटं उचलली, धुऊन ठेवली आणि कोपऱ्यातला झाडू घेतला. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला.

‘नही, झाडू नही!’

माणूस प्रवासाला निघालं की त्याच्या पाठोपाठ घर झाडत नाहीत. कायमचं गेलं, तरच झाडतात. असल्या समजुतींना मी जन्मभर हसत आले होते, आणि आता एका भल्या बाईच्या हातातला झाडू ओढत होते. कसंबसं त्यांना कारण सांगितलं.

‘माफ करो, टीचर,’ त्या म्हणाल्या. ‘मेरा लडका पढने गया ना, मैं उसी दिन पूरा घर धोया. काम नही करेगा तो रोना आता.’

त्यांनी झाडू ठेवला आणि कहवा ओतून दिला. मी मनसोक्त रडले. फरशीवर शिऱ्याचे कण, तिच्या विंचरलेल्या केसांचा गुंता, बॅगेचं फाटकं लेबल, सगळं तसंच पडून होतं.

विमानतळावरून तिच्या बाबांचा फोन आला. बॅगा गेल्या, सगळं ठीक. मग म्हणाले, ‘हिला बोलायचंय.’

मागच्या गलक्यातून तिचा आवाज आला.

‘माझी रूम क्लीन केलीस?’

‘नाही गं. घरात केरसुद्धा काढला नाही.’

‘का?’

‘तू परत यायचीस म्हणून,’ मी एवढंच म्हणाले.

मग मराठी शब्द शोधत, अडखळत ती म्हणाली, ‘आई, तू दुपारी जेवलीच नाहीस. मी बघितलं. आता तरी जेवलीस का?’