बांबूच्या बेटातला डबा

गोंदियाच्या रेल्वे तारघरात जागेश्वर रहांगडाले यांच्या कानाचा दबदबा होता. बाहेर मालगाडीचं शंटिंग चालू असो की हमालांची हमरीतुमरी, तारयंत्राची कटकट त्यांच्या कानातून थेट पेन्सिलीत उतरायची. चोवीस वर्षांत एक अक्षर चुकलं नाही, असं ते स्वतःच सांगत. त्यातलं थोडं सोडून दिलं तरी बाकीचं खरं होतं. गोरेगावकडच्या त्यांच्या गावात तर लोक त्यांचं नाव विसरूनच गेले होते. तिथे ते नुसते तारबाबू.

असा हा माणूस सत्तावन्नच्या दिवाळीपासून बहिरा होऊ लागला. आधी डावा कान गेला, मग उजवाही दगा देऊ लागला. कटकट मोठी व्हावी म्हणून त्यांनी यंत्रामागे सिगारेटचा रिकामा डबा अडकवला. तोही पुरेना, तेव्हा यंत्राच्या लाकडावर बोट टेकवून ते ठोके बोटानं घेऊ लागले. माणसांचं बोलणं ओठांवरून ओळखायचे. हे फक्त त्यांच्या पत्नीला, अनुसयाबाईंना ठाऊक होतं. मार्चमध्ये रेल्वेच्या डॉक्टरकडे कानांची तपासणी होती. त्यात नापास झाले की तारघर सुटणार आणि उरलेली नोकरी पार्सलच्या खोलीत पोत्यांना चिठ्ठ्या लावण्यात जाणार. बिचाऱ्यांची झोप उडाली होती. पण करणार काय? कानापुढे गयावया करून उपयोग नसतो.

त्यातच बगीच्यातला खेळ येऊन ठेपला. बाजारात रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवणारा दुलीचंद मोठा हौशी. त्याच्याकडे बिनतारी संदेश पाठवण्याचा परवाना होता. दर जानेवारीत एका रविवारी सकाळी तो बिस्किटाच्या डब्यात छोटा ट्रान्समीटर घालून नगरपालिकेच्या बगीच्यात लपवायचा. डब्यात चावीचं घड्याळ असे. त्याला जोडलेलं दातेरी चाक फिरू लागलं की तीच तीच तारेची अक्षरं हवेत जात. शोधणारे पाच-सहा जण, बहुतेक तारघरातलेच; तारघराचे मुख्य केशोरावही त्यात असत. खांद्याला रेडिओची पेटी, कानाला हेडफोन, हातात तारेचे वेढे दिलेली लाकडी चौकट. चौकट फिरवायची आणि आवाज जिथे पार बुडतो ती दिशा धरायची. जागेश्वर लागोपाठ तीन वर्षं जिंकले होते. यंदा जावं तर फजिती, न जावं तर संशय. अनुसयाबाई म्हणाल्या, ताप आला म्हणून सांगा. पण दरवर्षी आठवडाभर आधी चौकट पुसून ठेवणाऱ्या माणसाला नेमका त्याच सकाळी ताप आला, हे कोण मानणार?

नवाला खेळ सुरू झाला. जागेश्वरांनी चौकट पूर्वेला धरली, शांत. उत्तरेला धरली; तिकडेही शांत. जी शांतता दिशा दाखवायची, ती आता चहूकडे पसरली होती. तरी भुवया आवळत, मान डोलावत ते फिरत राहिले.

तेवढ्यात त्यांचं लक्ष फाटकाशी उभ्या असलेल्या दुलीचंदकडे गेलं. त्याचा पायजमा गुडघ्यापर्यंत ओला होता. जागेश्वरांनी गवताकडे पाहिलं. पांढऱ्या दवातून पावलांची एक गडद रेघ थेट कोपऱ्यातल्या बांबूच्या बेटाकडे गेली होती. कान गेले तरी डोळे शाबूत होते. पण एकदम तिकडे जाणं बरं दिसलं नसतं. म्हणून त्यांनी कारंज्याला दोन वेढे घातले, चौकट उगाच डावी-उजवी केली, मध्येच थबकून डोळे मिटले. नाटकाला काही कमी ठेवलं नाही. एकदा मागे पाहिलं, तर बाकीचे सगळे फाटकाशी गोळा झाले होते. हरले वाटतं, असं मनात म्हणून ते छाती काढून बेटात शिरले.

पालापाचोळ्याखाली डबा होता. तो उचलून ते बाहेर आले, तोवर सगळे तिथे पोचले होते. टाळी कोणीच वाजवली नाही. केशोराव समोर आले आणि त्यांनी सावकाश विचारलं, "आवाज येऊन राहिला का, जागेश्वर?"

जागेश्वरांनी हेडफोन कानावर नीट दाबला. "येऊन राहिला ना, साहेब. खणखणीत."

दुलीचंदनं मान खाली घातली. यंत्र बंद करावं म्हणून जागेश्वरांनी झाकण काढलं. आतलं घड्याळ नऊ वाजून दहा मिनिटांवर थांबलेलं होतं. दुलीचंद त्याला पुरती चावी द्यायला विसरला होता. जागेश्वरांनी खिशातलं आपलं घड्याळ काढलं, नऊ चाळीस.

चाक थांबलं की आवाज बंद. म्हणजे गेला अर्धा तास कुणाच्याच कानात काही येत नव्हतं. म्हणून सगळे फाटकाशी थांबले होते, आणि तिथून त्यांनी हा माणूस चौकट फिरवताना, डोळे मिटून मान डोलावताना पाहिला होता. कदाचित त्यांनी हाकाही मारल्या असतील. जागेश्वरांना रडावंसं वाटलं, पण चारचौघांत तेही जमेना.

केशोराव काहीतरी बोलत होते. तपासणीचा कागद त्यांच्याच सहीनं जायचा होता. वर पाहिलं असतं तर ओठांवरून सगळं कळलं असतं. जागेश्वर बंद पडलेल्या घड्याळाकडेच बघत राहिले.